दळवी आणि कार्डाबाहेरचा निळा

दळवींचा पांढऱ्या रंगावरसुद्धा विश्वास नव्हता. गिऱ्हाइकानं "पांढरी द्या" म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी पडायची. "पांढरी म्हणजे कुठली? दुधासारखी, चुन्यासारखी की दातासारखी?" गिऱ्हाईक गडबडायचं. एवढी महागडी गाडी घ्यायला निघालेल्या माणसाला दातांबद्दल कुणी विचारलेलं नसायचं. मग दळवी खिशातून किल्ली काढून ड्रॉवर उघडायचे, रंगाच्या पट्ट्या टेबलावर मांडायचे आणि त्या माणसाच्या हाताकडे टक लावून बसायचे. मला सुरुवातीला वाटायचं, हात कुठल्या रंगाकडे वळतो ते बघतात. तसं नव्हतं. पट्टी खिशात जाते का, एवढंच ते बघत असायचे.

अंधेरीला लिंक रोडवर आमची परदेशी स्पोर्ट्स कारची शोरूम होती. दोन दारं, दोन माणसांची जागा, आणि जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी गाडी. मी तिथे पासिंगचं बघायचे. गाडीची नोंदणी, नंबर, विमा वगैरे. दळवी ऑर्डर घ्यायचे. ही गाडी दुकानात तयार उभी नसते. गिऱ्हाइकानं रंग निवडायचा, आतलं कातडं निवडायचं, त्या कातड्यावरच्या शिलाईचा दोरा, चाकं, सीटबेल्टचा रंग, सगळं आपल्या मनाचं सांगायचं. मग ती तिकडे कारखान्यात त्या एकट्या माणसासाठी बनायची आणि काही महिन्यांनी बोटीनं इकडे यायची.

"मापाचो शर्ट," दळवी म्हणायचे. "मापाचो शर्ट दुसऱ्याक होणा नाय." त्यांच्या सगळ्या भीतीचं मूळ या वाक्यात होतं.

माणूस मूळचा मालवणकडचा, राहायला दहिसरला. उंच, बारीक, शर्टाची गळ्याची गुंडी मे महिन्यातही लावलेली. गिऱ्हाइकांशी शहरी मराठी आणि इंग्रजी बोलायचे, पण मनातलं काही बाहेर पडायचं झालं की मालवणीत पडायचं. शोरूममध्ये कॉफीचं भलंमोठं मशीन होतं, त्याला त्यांनी कधी हात लावला नाही. "एवढी चांगली कॉफी फुकट कशाला देतील?" असं म्हणून घरून थर्मास आणायचे. खुर्ची अशी ठेवायचे की कॅमेऱ्याला फक्त पाठ दिसावी. मी नोकरीला लागले तेव्हा मालकांची बायको मुलुंडची आणि मीही मुलुंडची, एवढ्यावरून मी मालकांची खबरी आहे असं त्यांनी ठरवून टाकलं. कितीतरी दिवस मी टेबलाजवळून गेले की ते बोलता बोलता गप्प व्हायचे आणि हवापाण्याबद्दल काहीतरी बोलायला लागायचे. पुढे आमची दोस्ती झाली. तेव्हा मी विचारलं, "आता पटलं ना, मी खबरी नाही?" तर म्हणाले, "पटलं असं नाय. पण असलीस तरी तू काय धड सांगू शकणार नाहीस."

आता यावर हसायचं की रागवायचं, मला आजही ठरवता आलेलं नाही.

शोरूममधल्या मोठ्या स्क्रीनवर गाडीचा रंग बदलून दाखवता यायचा. बाकीचे सेल्समन त्या स्क्रीनपुढे गिऱ्हाइकाला बसवून पटापट ऑर्डर घ्यायचे. दळवींचं म्हणणं, "स्क्रीनवर सगळेच गोरे दिसतात." ते गिऱ्हाइकाला पट्टी घेऊन भर उन्हात रस्त्यावर न्यायचे. साडी घेताना बायका दुकानाबाहेर उजेडात नेऊन बघतात ना, अगदी तसं. किती सुटाबुटातली माणसं मी चहाच्या टपरीशेजारी हातभर लांब पट्टी धरून डोळे बारीक करून उभी राहिलेली पाहिली आहेत. आमच्या वॉचमनला ताकीद होती की पट्टी घेऊन बाहेर गेलेल्या माणसावर नजर ठेवायची. वॉचमनवर दळवी स्वतः नजर ठेवायचे.

दुसरी गंमत म्हणजे, बाकीचे सेल्समन जास्तीच्या वस्तू गळ्यात मारतात, दळवी त्या काढून टाकायचे. कुणी पिवळे सीटबेल्ट मागितले की, "कशाला? पट्टा बांधून मिरवणुकीत जायचंय?" कुणाला कातड्यावर नाव भरून हवं असलं की, "नाव दारावर असतं, घरच्या." गिऱ्हाइकांना वाटायचं, काय प्रामाणिक माणूस आहे! ते आणखी चार मित्र पाठवायचे. त्या मित्रांनी "तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे" म्हटलं की दळवींना रात्रीची झोप नाही. "विश्वास कशावरून? मला ओळखतो काय हा?"

हे असं का, ते मला पोपटी गाडीची हकिगत कळल्यावर समजलं.

माझ्या आधीची गोष्ट. एका बिल्डरच्या मुलानं पोपटी रंगाची गाडी मागवली. आत केशरी कातडं, काळा दोरा, डोकं टेकायच्या उशीवर स्वतःचं आणि होणाऱ्या बायकोचं नाव भरलेलं. दळवी तेव्हा इतके संशयी नव्हते म्हणे. त्यांनी हौसेनं सगळं लिहून घेतलं, उलट दोन गोष्टी सुचवल्या. गाडी बोटीत होती तेव्हा लग्न मोडलं. मुलगा आलाच नाही. बाप आला, गाडीकडे बघून म्हणाला, "हे काय मिरचीचं झाड?" आणि गेला. गाडी शोरूममध्ये राहिली. दुसऱ्या कुणाला ती पोपटी नको, केशरी नको, आणि मोडलेल्या लग्नाची नावं तर मुळीच नकोत. मालकांनी मुद्दाम दळवींचं टेबल तिच्या शेजारी हलवलं. शोरूममध्ये सगळे तिला "दळवींची पोपटीण" म्हणायचे. रोज सकाळी दळवींनी यायचं आणि दिवसभर तिच्याकडे बघत काम करायचं. शेवटी कुठल्याशा लांबच्या गावच्या माणसानं ती पडेल भावात नेली. मालकांनी तेव्हाच दळवींना सांगून ठेवलं होतं की पुन्हा अशी गाडी अंगावर पडली तर घरी बसायचं. त्या वयात दुसरीकडे कोण घेणार? मुलगी अजून शिकत होती. त्या दिवसापासून दळवी प्रत्येक गिऱ्हाइकात पळून जाणारा माणूस शोधायचे.

म्हणून त्यांचा एक नियम होता. शेजारच्या सीटवर जो बसणार, त्याला आणल्याशिवाय रंग पक्का करायचा नाही. एक गृहस्थ एका बाईंना घेऊन आले. बाईंनी आतलं कातडं मरून निवडलं, दोघं खुशीत गेले. आठवड्यानं ते गृहस्थ वेगळ्याच बाईंना घेऊन आले, बायको म्हणून. दळवींनी चेहऱ्यावरची रेषा हलू दिली नाही. मरून पट्टी ड्रॉवरच्या तळाशी सरकवली आणि बाईंना म्हणाले, "वहिनी, साहेबांनी काहीच ठरवलेलं नाही. सगळं तुमच्यावर सोडलंय." बाईंनी राखाडी घेतलं. जाताना त्या गृहस्थांनी दळवींचा हात दोन्ही हातांत धरून इतका दाबला की दळवींनी नंतर आपली अंगठी जागेवर आहे ना ते बघितलं.

अशा या माणसापुढे एका दुपारी डॉक्टर प्रज्ञा साळवे येऊन बसल्या.

घाटकोपरला त्यांचं स्वतःचं हाडांचं छोटं हॉस्पिटल होतं. चाळिशीच्या पुढच्या, सुती कुर्ता, हसऱ्या. बरोबर वडील होते, अण्णा. जालन्याकडून तरुणपणी मुंबईत आले, म्युनिसिपल शाळेत मास्तर झाले आणि हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले, हे त्यांनीच पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. ते हसरे नव्हते. आत आल्यावर त्यांनी गाड्यांकडे पाहिलंच नाही, दळवींकडे पाहिलं. कॉपी करताना सापडलेल्या पोराकडे पाहावं तसं.

"किती वर्षं आहात इथं?" अण्णांनी विचारलं.

दळवींनी सांगितलं. अण्णांनी मान डोलावली आणि थोड्या वेळानं उठून माझ्या टेबलाशी आले. "ते दळवी किती वर्षं आहेत इथं?" मी सांगितलं. मग वॉचमनकडे गेले. उत्तरं जुळतात का, ते बघत होते. मी मनात म्हटलं, दळवी, तुम्हाला अखेर जोडीदार भेटला.

दळवींनी मला बाजूला घेतलं. "माका ह्यांचा काय ता समाजत नाय. म्हाताऱ्याचो गुडघो वाकत नाय, बघलंस? गाडी जमिनीक टेकलेली. बापाक बसवूक येयत नाय ती गाडी ही बाई घेतली कशाक? नक्की रद्द करतली."

"अहो, विचारा ना त्यांनाच."

"विचारलं की सावध होतील."

रंगाची वेळ आली तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "निळा." कंपनीच्या रंगांच्या कार्डावरचे सगळे निळे घेऊन आम्ही उन्हात गेलो. पट्ट्यांचा ट्रे माझ्या हातात होता. दळवींचा माझ्यावर भरवसा होता म्हणून नव्हे. मी ट्रे घेऊन पळाले तरी फार लांब जाणार नाही, असा त्यांचा हिशेब. अण्णा एकेक पट्टी डोळ्यांजवळ नेत होते. "हा काळा आहे." "हा गणवेशाचा." "हा कसला, रॉकेलचा?" डॉक्टरांना हसू आवरेना. मग त्यांनी सिग्नलच्या पलीकडे बोट केलं. तिथे वस्तीच्या तोंडाशी खांबावर निळा झेंडा होता, नुकताच बदललेला असावा, उन्हात लखलखत होता.

"तो," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून आमच्या घरात निळा म्हणजे तो. बाकीचे निळे माझ्या डोळ्याला निळे वाटतच नाहीत."

दळवींनी झेंड्याकडे पाहिलं. "मॅडम, तो कार्डावर नाही."

"कार्डाबाहेरचा रंगही करून मिळतो. मी वाचलंय."

"मिळतो. पण मग ऑर्डर मागे घेता येत नाही." दळवींच्या आवाजात पोपटीण येऊन बसली, मला ऐकू आली. "मी काय म्हणतो, पांढरी घ्या ना. नाहीतर राखाडी. राखाडी झकास दिसते."

"निळ्याला काय झालं?" अण्णा म्हणाले.

"काही नाही हो. निळी चांगलीच. पण पुढेमागे विकायची झाली तर तो निळा कोणी घेत नाही."

"कोण घेत नाही?"

अण्णांचा आवाज चढला नव्हता. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला विचारावं तितक्याच शांतपणे त्यांनी विचारलं होतं.   मग दळवींना पोपटी गाडीची गोष्ट आठवली, ती ते घाईघाईनं सांगायला लागले. लग्न कसं मोडलं, टेबल कसं हलवलं. अण्णांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"ती पोपटी होती," ते म्हणाले. "आम्ही निळी मागितली."

डॉक्टर म्हणाल्या, "आम्ही विचार करून कळवतो." दोघं रिक्षा करून निघून गेले. अण्णांना रिक्षात चढायलाही वेळ लागला.

त्या दिवशी मला दळवींचा राग आला होता. मी बोलायचं नाही असं ठरवून माझ्या जागेवर बसले. थोड्या वेळानं तेच आले, समोरच्या खुर्चीवर बसले. गळ्याची गुंडी सोडलेलं मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं.

"मंजिरी, मी तसा म्हटलंय काय गो?"

"ते तुम्हालाच ठाऊक."

"माका पोपटीची भीती होती. देवाशप्पथ, तीच होती." मग खुर्ची पुढे ओढली. "पण पिवळा मागितल्यानी असता, तर मी इतक्या बेगीन पांढऱ्यावर इलंय असतंय?"

"आला असतात?"

"ताच समाजत नाय."

माझा राग तिथे उतरला. सगळ्या जगावर संशय घेणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत; मुंबईत त्यांना तोटा नाही. पण ती सगळी स्वतःपाशी येऊन थांबतात. दळवी थांबले नाहीत. वॉचमनवर, कॉफीच्या मशीनवर, माझ्यावर घेतला तेवढाच कडक संशय त्यांनी स्वतःवर घेतला. मला त्या क्षणी हा किरकिरा माणूस फार आवडला, आणि ते मी त्याला सांगितलं नाही, कारण त्यानं विचारलं असतं, का आवडलो?

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना फोन केला. "मॅडम, तुमचा निळा घेऊ. मी सांगतो ना, घेऊ."

मालकांना हे कळलं तेव्हा ते केबिनमधून बाहेरच आले. "दळवी, कार्ड के बाहर का कलर? सोच लो. ये गाडी यहाँ खडी रही, तो समझो तुम नहीं रहोगे."

"रहने दो साहब," दळवी म्हणाले. "मेरे ऊपर लिखो."

मी चाटच पडले. ज्यानं कधी स्वतःचा थर्मास कुणाकडे सोपवला नाही, त्यानं नोकरी एका अनोळखी बाईच्या शब्दावर ठेवली.

बाकीचं ठरवायला डॉक्टर आणि अण्णा पुन्हा आले. दळवींनी नेहमीसारखी एकेक जास्तीची वस्तू काढून टाकली. रंगीत सीटबेल्ट नको, चकाकती चाकं नको, छताला वेगळं कापड नको. फक्त एका ठिकाणी अडून बसले. "ही विजेवर वरखाली होणारी सीट मात्र घ्या. शेजारची."

"जास्तीची आहे ना?" अण्णांनी लगेच पकडलं. "बाकी सगळं काढलंत आणि हीच का ठेवलीत?"

"तुमच्या गुडघ्यासाठी. सीट वर येईल, तुम्ही टेकायचं, मग ती खाली जाईल."

"गाडी तिची आहे. मी बसणार, असं मी कुठं म्हणालो?"

"मी म्हणाले," डॉक्टर म्हणाल्या. "अण्णा, दुसरं कोण बसणार आहे त्यात?"

अण्णांनी खिडकीबाहेर पाहिलं. "बघू," म्हणाले. सीट ऑर्डरमध्ये गेली.

मग सुरू झाले वाट बघायचे महिने, आणि दळवींची वाट लागली. डॉक्टरांचा फोन एकदा लागला नाही तर, "बघ, नंबर बदलला." लागला आणि नर्सनं उचलला तर, "बाई परदेशी गेली." मी म्हणायचे, "अहो, ऑपरेशन करत असतील." "एवढी हाडं मोडतात घाटकोपरमध्ये?" एक दिवस त्यांनी दुपारची सुट्टी टाकली. दुसऱ्या दिवशी लंगडत आले. काय झालं ते सांगेनात. शेवटी डॉक्टरांनीच मला फोनवर सांगितलं, हसता हसता त्यांना बोलता येत नव्हतं.

दळवी घाटकोपरला गेले होते. हॉस्पिटल खरंच आहे का, पाटीवर नाव खरंच साळवे आहे का, पेशंट येतात का, हे डोळ्यांनी बघायला. नुसतं उभं राहिलं तर लोकांना संशय येईल म्हणून पेशंटांच्या रांगेत बसले. नाव विचारल्यावर "परब" म्हणून सांगितलं. त्यांना वाटलं होतं, नंबर यायच्या आत निसटू. पण शेजारच्या म्हातारीनं आपला नंबर त्यांना देऊन टाकला, म्हणाली, "तुमचा चेहराच सांगतोय दादा, फार दुखतंय. जा आधी." आत गेल्यावर डॉक्टरांनी ओळखलं. पण त्याही अण्णांचीच मुलगी. "बसा परब, कुठला गुडघा?" एवढंच म्हणाल्या. दळवींनी सापडेल तो गुडघा पुढे केला. डॉक्टरांनी तो चांगला दाबून, वाकवून, फिरवून पाहिला. मग म्हणाल्या, "गुडघा उत्तम आहे. गाडी मी घेणार आहे. घरी जा आता, दळवी."

"आणि लंगडताय का मग?" मी त्यांना नंतर विचारलं.

"बाईचो हात लय जड आसा," दळवी म्हणाले.

गाडी आली. कंटेनरमधून उतरवून, धुऊन, शोरूमच्या मधोमध उभी केली. सगळे बघायला जमले. खरंच देखणी होती. दळवी तिच्याभोवती फिरले, खाली वाकले, पुन्हा फिरले, आणि माझ्याजवळ येऊन खुर्चीवर बसले ते बसलेच. रंग हुबेहूब नव्हता. किंचित काळपट आला होता. दिव्यांच्या झगमगाटात कुणाला सांगूनही दिसला नसता, पण दळवींना दिसला.

मालकांना त्यांनी सांगितलं. मालक म्हणाले, "किसी को पता नहीं चलेगा. साइन लो और चाबी दे दो."

ते खरंच होतं. बोलायचं नाही, सही घ्यायची, नोकरी वाचली. आणि बोललं तर? रंग चुकला म्हणून डॉक्टर नको म्हणाल्या असत्या तर तो त्यांचा हक्क होता, आणि मग गाडी इथे आणि दळवी घरी. दळवींचा चेहरा दिवसभर राखेसारखा होता. मी विचारलं, "काय करणार?" ते उठले आणि गाडीवर कापड घालायला गेले.

संध्याकाळी डॉक्टर आणि अण्णा आले. अण्णांनी नवा पांढरा शर्ट घातला होता. डॉक्टरांनी पेढ्यांचा बॉक्स माझ्या टेबलावर ठेवला. कापड ओढलं, गाडी उघडी झाली. डॉक्टरांनी गाडीकडे पाहिलं, मग दळवींकडे. अण्णा बॉनेटवर हात फिरवत हळूहळू पुढून मागे गेले. मालक कागद आणि पेन घेऊन हसतमुखानं तयारच होते.

"थांबा," दळवी म्हणाले. "अण्णा, रंग हुबेहूब नाही आला. थोडा काळपट आहे. सही करायच्या आधी बघा."

मालकांचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं. 

अण्णा दळवींच्या समोर येऊन उभे राहिले. "मला मोतीबिंदू आहे," ते म्हणाले. "तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं."

"मला कळलं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "आत आल्या आल्याच. तुम्ही सांगताय का, तेवढं बघत होते."

"मग सांगितलंत कशाला?" अण्णांनी दळवींना विचारलं. "न सांगता भागलं असतं."

 "त्या दिवशी तुम्ही विचारलंत, कोण घेत नाही. मी जे बोललो ते गाडीबद्दलच होतं की आणखी कशाबद्दल, ते मला अजून कळलेलं नाही. फार विचार केला, नाही कळलं. म्हणून म्हटलं, आज तरी जे कळलंय ते सांगावं."

 अण्णा मुलीकडे वळले. "काय करायचं?"

"निळा आहे ना?" डॉक्टर म्हणाल्या. "झालं तर. द्या पेन."

त्यानंतर सगळी धांदल उडाली. फोटो झाले, पेढे वाटले, दळवींनीही एक खाल्ला. शेजारची सीट आवाज न करता वर आली. अण्णा तिच्यावर टेकले, दळवींनी त्यांचा ताठ पाय दोन्ही हातांनी धरून आत घेतला, सीट खाली गेली. "येतो," अण्णा म्हणाले. डॉक्टरांनी गाडी उतारावरून रस्त्यावर घेतली आणि ती सिग्नलच्या गर्दीत दिसेनाशी झाली. मालक केबिनमध्ये गेले. मी कागद आवरायला लागले.

आणि मग आम्हाला त्या दिसल्या. गाडी उभी होती त्या जागेच्या कडेला, चकचकीत फरशीवर, नीट एकाशेजारी एक लावून ठेवलेल्या चपला. टाचेला झिजलेल्या, साध्या चामड्याच्या. मुलीची नवीकोरी गाडी, तिच्यात पायताण घालून कसं बसायचं, म्हणून अण्णांनी बसण्याआधी त्या काढून ठेवल्या होत्या, धांदलीत कुणाचं लक्ष गेलं नव्हतं, आणि तसेच अनवाणी निघून गेले होते.

वॉचमन उचलायला पुढे झाला. दळवींनी त्याला हातानं थांबवलं. स्वतः वाकून चपला उचलल्या आणि दारापाशी जाऊन उभे राहिले. मी म्हटलं, "फोन करते." तेवढ्यात सिग्नलवरून वळून निळी गाडी परत येताना दिसली.

दळवींचा चेहरा खाडकन उतरला. "बघलंस? परत हाडल्यानी."

हातात चपला आहेत, त्या कशाला आहेत, हेसुद्धा ते त्या क्षणी विसरले होते. गाडी समोर रस्त्याच्या कडेला थांबली. काच खाली आली. दळवी जवळजवळ धावतच गेले, आणि मी त्यांच्या मागे.

"काय झालं? नको आहे का?"

"गाडी हवी आहे हो," आतून अण्णा म्हणाले. "चपला राहिल्या." मग त्यांचं लक्ष दळवींच्या हातांकडे गेलं आणि ते अवघडले. "अहो, तुम्ही कशाला हातात घेतल्या?"

"मग कोणी घ्यायच्या?" दळवी म्हणाले.

त्यांनी दार उघडलं, खाली वाकले आणि एकेक करून चपला अण्णांच्या पायाशी ठेवल्या. मागे रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. अण्णांनी दळवींच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि तो काढायची त्यांना काही घाई नव्हती, आणि दळवीही उठत नव्हते.